बुधा भोयेची पडताळणी

बुधा भोये खुर्चीत बसत नाही. गंगापूर रोडच्या ज्या सोसायटीत तो बारा वर्षं वॉचमन आहे, तिथल्या लोकांनाही आता त्याची सवय झाली आहे. गेटपासून मीटरच्या खोलीपर्यंत, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत, पुन्हा गेटला. कुणी म्हणालं, "मामा, बसा की जरा," तर तो म्हणतो, "बसलो की डोकं चालतं. चालत राहिलो की नुसते पाय चालतात."

त्या वर्षी श्रावणात मात्र पाय चालत असतानाही डोकं थांबेना.

मीनाला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला, सरकारी कॉलेजात नर्सिंगची जागा लागली होती. जागा आदिवासींच्या राखीव कोट्यातली. जातीचा दाखला होता, पण तो पडताळून घ्यावा लागतो, आणि ते वैधता प्रमाणपत्र, ज्याला नाशिकमध्ये सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात, ते तीस सप्टेंबरच्या आत हातात पडलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला जाणार होती. मीनाने मे महिन्यातच अर्ज भरला होता. ऑगस्टमध्ये बुधा पडताळणी कार्यालयात चौकशीला गेला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने फाईल काढली, दोन पानं उलटली आणि चष्मा वर केला.

"काका, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू कोकणा. पोरीच्या दाखल्यावर धर्म ख्रिश्चन. आणि वर एक तक्रार आहे. तुमच्या गावातल्या धर्म बदललेल्या घरांची यादी कुणीतरी दिलीय. सातवं नाव तुमचं."

"म्हंजे आमी आदिवासी नाय?"

"तसं नाही. अनुसूचित जमातीला कायद्यात धर्माची अट नाही. आज तरी नाही. अट घाला म्हणून मोर्चे निघतायत, ते वेगळं. पण तक्रार आली की चौकशी आलीच." कारकून माणूस बरा होता. त्याने आवाज खाली आणला. "वडिलांकडच्या रक्तातल्या कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?"

"चुलतभावाची. मास्तर हाय तो."

"मग झालं की! नातं मान्य केल्याचं त्याचं प्रतिज्ञापत्र आणा, वंशावळीवर सही आणा. पोरीचं काम होऊन जाईल."

बुधाला तिथंच घाम फुटला. कारण त्याचा चुलतभाऊ म्हणजे हिरामण, आणि ती यादी केली होती हिरामणनेच.

हिरामण भोये सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि शनिवार-रविवार नाशिकला मखमलाबादच्या घरी येतो. तीन-चार वर्षांपासून तो एका मागणीच्या मागे लागला आहे: ज्याने जमातीचे देव सोडले, त्याने जमातीच्या सवलती सोडाव्यात. त्यासाठी तो मोर्चाच्या बसगाड्या भरतो, पत्रकं वाटतो, गावोगाव बैठका घेतो. दारू पीत नाही, पैसे खात नाही, त्यामुळे लोक त्याचं ऐकतात. बुधा त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. हिरामण आश्रमशाळेत जाईपर्यंत दोघं एकाच घरात, एकाच चुलीवरची नागलीची भाकर खाऊन वाढलेले.

"ये दादा," बुधा मखमलाबादला पोचला तेव्हा हिरामण म्हणाला. "मला वाटलंच होतं तू येणार."

"वाटलं होतं तर सही करून ठेवायची ना गुरुजी."

हिरामण हसला. बायकोला चहा टाकायला सांगितला. मग समोर बसून, वर्गात फळ्यावर लिहितात तसं सावकाश बोलायला लागला. "तुझ्याशी माझं वैर नाय. पण विचार कर. ही सवलत आपल्याला कशापायी मिळाली? आपली रीत वेगळी, देव वेगळा, बोली वेगळी, म्हणून. रीतच सोडली तर मग जमात कशात राहिली? शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, आणि जागा आमच्यातली. जो पोरगा अजून वाघदेवाला नारळ देतो, त्याच्या वाट्याची."

"मी सतरा वर्षांचा असताना पिंपळगावला द्राक्षं तोडायला ट्रकातून गेलो. ट्रकवाल्याने मला देव कोणता ते विचारलं नाय. नुसतं डोंगरातला म्हणाला आणि शेळीसारखा आत घातला. सोसायटीतली बाई मला वेगळ्या कपात चहा देते, तीबी विचारत नाय."

"बोलायला तू पहिल्यापासून तयार. थाळकर ना शेवटी!"

"तू सही करशील का नाय?"

हिरामणने खिडकीबाहेर पाहिलं. त्यालाही हे सोपं जात नव्हतं, हे बुधाला दिसलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. "पुढच्या रविवारी गावात ये," हिरामण म्हणाला. "भगतासमोर नारळ फोड. प्रार्थनेला जाणार नाय असं चार माणसांत सांग. त्याच दिवशी सही. पोरगी माझीबी हाय, दादा."

थाळकर म्हणजे काय हे नाशिक शहरात फारसं कुणाला ठाऊक नाही. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली एक बारीक काडी. त्या काडीवरून चिमटीने बोटं ओढली की थाळी घुमते, मधमाश्यांचं पोळं घुमावं तशी. त्या घुमण्यावर कोकणा लोकांच्या कथा सांगायच्या: धान्याची देवता कणसरीची, डोंगराची, मेलेल्या माणसाच्या वाटेची. बुधाचा बाप मंगळू थाळकर होता. बापामागे बुधा झाला. विसाव्या वर्षी त्याच्या तोंडात अख्ख्या कथा होत्या आणि ज्या घरी तो थाळी मांडी त्या घरी त्याला आधी मोहाची दारू मिळे, मध्येही मिळे, शेवटीही मिळे. थाळकराला नाही म्हणायची रीत नव्हती. थाळकराने नाही म्हणायचीही नव्हती. तिशी येईपर्यंत बुधा सकाळी हात थरथरल्याशिवाय उठत नव्हता. एकदा भागीबाईला, बायकोला, त्याने मुसळ फेकून मारलं होतं. तिच्या कपाळावर अजून ती खूण आहे.

दारू सुटली ती प्रार्थनेच्या घरात. कुणी आमिष दाखवलं नाही, कुणी धमकावलंही नाही. तिथं कुणी पीत नव्हतं, एवढंच. आणि तिथं थाळी नव्हती. बुधाने दोन्ही एकदमच सोडलं, कारण एक ठेवून दुसरं कसं सोडायचं हे त्याला जमणारं नव्हतं. वर्षभराने मीना झाली. तिला शाळेत घातलं तेव्हा विश्वासाच्या भरात तो स्वतः मास्तरकडे गेला आणि म्हणाला, धर्माच्या रकान्यात खरं लिहा. त्या वेळी पाड्यातल्या दुसऱ्या कुणाला असं काही सुचलं नाही. प्रार्थनेला जाणाऱ्या बाकी सगळ्यांची पोरं कागदावर जिथल्या तिथं राहिली.

तिसऱ्या दिवशी भागीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नारळच तर फोडायचा. एरवीबी आपण फोडतोच की चटणीला."

"चटणीला फोडतो तो नारळ वेगळा."

"नारळ सारखाच असतो. तुम्हीच वेगळे." मग तिने ताट बाजूला ठेवलं. "देवाला मनातलं कळतं असं तुम्हीच सांगता ना? मग कळू द्या त्याला."

पास्टरांनीही दिलासा दिला. पेठ रोडच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या हॉलमध्ये ते प्रार्थना घेत, मूळचे नगरकडचे, मऊ बोलणारे. "बुधाभाऊ, तुम्ही घाई केली दाखल्याची," ते म्हणाले. "आता चौकशीत हिंदूच सांगा. शाळेची चूक झाली म्हणा. आपले पुष्कळ लोक तसंच लावतात. कागदाचं आणि आत्म्याचं काय नातं?"

बुधा तिथून निघाला तो पेठ नाक्यापर्यंत चालतच गेला आणि उगाचच परत आला. एक जण म्हणत होता देवासमोर खोटं बोल, दुसरा म्हणत होता कागदासमोर. दोघांनाही त्याचं भलंच हवं होतं. त्याला वाटलं, आपण बाजारात उभं केलेलं जनावर आहोत. एक दात बघतोय, एक खूर बघतोय, आणि दोघंही म्हणतायत, घाबरू नको.

मीना मात्र काही सुचवत नव्हती. ती घरात वावरायची, आईला मदत करायची, आणि बापाशी फक्त 'जेवलात का' एवढंच बोलायची. एका संध्याकाळी त्यानेच विषय काढला.

"माझ्यावर रागावलीस?"

"दाखल्यावर ते लिहिलंत तेव्हा मी सहा वर्षांची होते," मीना म्हणाली. "मला विचारायचं वय नव्हतं माझं. पण तुम्ही कुणालाच विचारलं नाही. आईलाही नाही."

"खरं ते लिवलं."

"तुमचं खरं. माझ्या कागदावर."

त्या आठवड्यात सोसायटीत त्याच्या फेऱ्या एवढ्या वाढल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी वरूनच विचारलं, "बुधा, काही हरवलंय का रे?"

रविवारी तो गावाला निघाला. जुन्या बसस्थानकावरून सुरगाण्याची गाडी धरली. पिशवीत भागीबाईने नारळ ठेवला होता, वर टॉवेल. दिंडोरी गेलं, वणी गेलं. खिडकीतून द्राक्षाच्या बागा संपून नागली-वरईचे उतार सुरू झाले तसं त्याला पुढचं दिसायला लागलं. भगतासमोर तो उभा राहील, नारळ फोडेल, मग कुणीतरी जुना माणूस म्हणेल, आलास ना परत, मग बस, थाळी मांड. आणि मग वाटी पुढं येईल. वीस वर्षं झाली तरी त्याला त्या वाटीचा वास नाकात येत होता. बोरगावला गाडी थांबली आणि तो उतरला. पंधरा मिनिटं फाट्यावर उभा राहिला. पलीकडून नाशिकची गाडी आली, तिच्यात बसला. घरी भागीबाईने पिशवी उघडून पाहिली, नारळ काढला आणि डब्यांच्या मागे ठेवून दिला.

पडताळणी समितीच्या दक्षता पथकाची तारीख आली ती नऊ सप्टेंबर. पथक मूळ गावी जातं, शेजाऱ्यांना विचारतं, आणि शेवटी माणसाची परीक्षा घेतं: तुमचे देव कोणते, लग्न कसं लागतं, माणूस मेला की काय करता. जमातीशी नाळ आहे की नाही, हे त्यातून पाहायचं. बुधा, मीना आणि भागीबाई आदल्या दिवशीच जाऊन राहिले. पाड्यावर त्यांना कुणी घालवून दिलं नाही, कुणी जवळही केलं नाही.

सकाळी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पथक आलं. देवरे मॅडम नावाच्या संशोधन अधिकारी, पन्नाशीच्या, साडीवर रेनकोट घातलेल्या, आणि एक पोलीस निरीक्षक. पंचवीस-तीस माणसं जमली. हिरामण पहिल्या ओळीत, सुट्टी टाकून आलेला. मॅडमनी आधी त्यालाच विचारलं, कारण शिकलेला माणूस समोर होता.

"गुरुजी, तुमच्या जमातीत लग्न कसं लागतं?"

"विधिवत लागतं मॅडम. भटजी येतात, मंगलाष्टका होतात, सप्तपदी होते."

"आणि देव?"

"गणपती बसवतो आम्ही. दत्तजयंती असते. नवरात्रात घट. सगळं करतो. काहीच सोडलेलं नाही." तो अभिमानाने बोलत होता. आपण जितके सण सांगू तितके आपण पक्के ठरू, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मॅडमची लेखणी थांबली; यातलं काहीच जमातीचं नव्हतं. त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. मागून एक म्हातारी बोलली, "अरे हिरामण, भटजी तुझ्या लग्नात कंचा? तुझं लगीन तर आमीच लावलं!" माणसं हसली. हिरामणचे कान लाल झाले.

"अर्जदाराचे वडील कोण?" मॅडमनी विचारलं.

बुधा पुढे आला. बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

त्याला वाटलं होतं, आपण अडखळू. पण पहिला प्रश्न आला आणि उत्तर आधीच तोंडात होतं. नवरी नवरदेवाच्या दारी येते, लगीन तिथं लागतं. देजाचे पैसे पोरीच्या बापाला, पोरीच्या बापाकडून नाय. वाघबारशीला गुराखी वाघदेवापुढे काय मांडतात, कोण आधी जेवतं. नवं धान्य कणसरीला दाखवल्याशिवाय घरात का शिजत नाही. माणूस मेला की थाळकर त्याला वाट कशी सांगतो, कुठला ओहोळ ओलांडायला लावतो, कुठं मागे वळू नको म्हणतो. तो बोलत होता आणि ओसरीवरची कुजबुज थांबत गेली. त्याची चिमूट नकळत हवेत वरखाली ओढली जात होती. भागीबाई त्या हाताकडे बघत होती, पदर तोंडाला लावून. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या त्याच्या शब्दाबरोबर ओठ हलवत होत्या.

मॅडमनी चार पानं भरली. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही आजही पाळता?"

मीना मागे भिंतीला टेकून उभी होती. बुधाने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरा होता. हो म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तिथं बसलेल्या कुणीही तो खोटा ठरवला नसता. आत्ता, या क्षणी, हिरामणनेसुद्धा नाही.

"नाय," बुधा म्हणाला. "वीस वर्सं झाली. मी प्रार्थनेला जातो. येशूला मानतो. थाळी घेतली की दारू येत होती, म्हणून सोडली. पण आठवतं सगळं. विसरायला जमलं नाय."

"ऐकलंत मॅडम?" हिरामण उठला. आवाज चिरकला होता. "लिहून घ्या. स्वतःच्या तोंडाने सांगतोय!"

"लिहिलंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गुरुजी, तुमची व्हॅलिडिटी कधीची?"

"दोन हजार तीनची."

"फाईल मागवली होती मी. तुमच्या वेळच्या चौकशीत रीतिरिवाजाचा जबाब कुणी दिलाय माहीत आहे?" त्यांनी एक पिवळट झेरॉक्स पुढे केली. "बुधा मंगळू भोये, चुलतभाऊ, थाळकर. खाली तुमची सही, नातं मान्य. तेव्हा तुम्ही आश्रमशाळेत वाढल्यामुळे रिवाज माहीत नाहीत, असंही लिहिलंय."

बुधाला ते तीन दिवस आठवत होते. नोकरी लागलेला हिरामण त्याच्यासमोर वही घेऊन बसला होता आणि तो, अर्धा प्यालेला, त्याला देवांची नावं पाठ करून घेत होता. ऐन वेळी हिरामणच्या घशातून आवाज निघेना, म्हणून साहेबांनी बुधालाच बोलायला लावलं होतं. पाड्यातही ते सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं, एवढंच.

"आता मला एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या. "हा तुमचा चुलतभाऊ आहे की नाही?"

हिरामणने ती झेरॉक्स हातात घेतली. नाही म्हटलं तर स्वतःचा पाया जात होता, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"आहे," तो म्हणाला. वंशावळीवर सही केली. पेन परत देताना तो बुधाच्या कानाशी वाकला. "सही नात्याची हाय. माझी मागणी तीच राहणार. उद्या कायदा झाला तर मी टाळ्या वाजवीन, दादा. तुला आधीच सांगून ठेवतो."

"वाजव," बुधा म्हणाला. "पण कथा शिक एखादी. नुसता भटजी सांगू नको."

हिरामण हसला नाही. तरी जाताना त्याने मीनाच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रमाणपत्र सव्वीस सप्टेंबरला मिळालं. एक कागद, त्यावर नाव, जमात, शिक्का. धर्माचा रकानाच नव्हता. मीनाने तो तीनदा वाचला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, आणि दोघं गडकरी चौकात चहाच्या टपरीवर थांबले. तिथून कॉलेजात जाऊन तो आजच भरायचा होता.

"बाबा, कायदा बदलला तर हे परत घेतील का?"

बुधाने खोटं सांगायचं मनात आणलं आणि ते जमलं नाही. "म्हाईत नाय."

मीनाने पिशवीतून वही काढली. "मग सांगा. त्या दिवशी मॅडमना सांगितलं ते सगळं. मला त्यातलं एकही माहीत नव्हतं. उद्या मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, माझ्या वडिलांना माहीत होतं?"

"हितं? चहावाल्यासमोर?"

"हितंच."

बुधा इकडे तिकडे बघत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, हळू आवाजात सांगायला लागला. कणसरी कशी रुसली, लोकांनी धान्य पायाखाली तुडवलं म्हणून. कशी घर सोडून निघाली, वाटेत कुणाकुणाच्या दारी थांबली. मीना भराभर लिहीत होती. रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. कणसरी डोंगराशी पोचली आणि बुधा थांबला.

"कुठला डोंगर?" मीनाने विचारलं.

त्याने डोळे मिटले. अलीकडचं सगळं होतं, पलीकडचंही होतं. डोंगराचं नाव तेवढं नव्हतं. बाप गेला होता. त्या दोन म्हाताऱ्या ओठ हलवत होत्या, पण त्यांना शब्द येत होते की नुसता नाद, कोण जाणे. हिरामणला विचारण्यात अर्थ नव्हता.

"नाव गेलं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "जागा मोकळी सोड."

"काय लिहू?"

"लिही, बाबा विसरला."

मीनाने तसंच लिहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं, पुढचं ऐकायला.